रिकामे म्हणजे निर्धोक नव्हे : लहान प्रोपेन सिलिंडरची विल्हेवाट, पुनर्वापर आणि जबाबदारीचा प्रश्न

सारांश

प्रोपेन अथवा द्रवीभूत पेट्रोलियम वायू (एलपीजी) भरलेल्या लहान सिलिंडरमधील वायू वापरून संपला, की ते सिलिंडर सामान्यतः 'रिकामे' मानले जाते. शास्त्रीयदृष्ट्या मात्र त्यात वायू शिल्लक असतो आणि काही परिस्थितीत असे सिलिंडर भरलेल्या सिलिंडरपेक्षा अधिक धोक्याचे ठरते. प्रस्तुत लेखात या शिल्लक वायूचे स्वरूप, अमेरिकेतील एक पौंडी एकवापरी सिलिंडरचे उदाहरण, अशा सिलिंडरच्या पुनर्भरणातील धोके, सुरक्षित विल्हेवाटीची रीत, वस्तुरूप पुनर्वापराच्या मर्यादा व कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये केलेला कायदा यांचा परामर्श घेतला आहे. त्याच्या तुलनेत भारतातील 'भरलेले घ्या, रिकामे परत द्या' या व्यवस्थेचे महत्त्व स्पष्ट करून महाविद्यालयांनी अवलंबावयाची कार्यपद्धती सुचविली आहे.

बीजसंज्ञा : प्रोपेन, एलपीजी, एकवापरी सिलिंडर, पुनर्भरण, भंगार, उत्पादकाची जबाबदारी.

१. प्रस्तावना

घनकचरा व्यवस्थापनाविषयीच्या चर्चेत प्लास्टिक, विजेऱ्या, इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि जैववैद्यकीय कचरा यांना आता स्वाभाविकपणे स्थान मिळाले आहे. त्या मानाने दाबाखाली वायू साठविणाऱ्या लहान पात्रांचा विचार फारच थोडा होतो. प्रवासी शेगडीचे सिलिंडर, पदभ्रमणात वापरले जाणारे गॅसचे कॅन, सोनार व प्लंबर यांच्या बत्तीची नळकांडी, प्रयोगशाळेतील छोटे बर्नर या सर्वांचा आकार लहान असल्यामुळे त्यांचा धोकाही लहानच असावा, असा एक समज रूढ झाला आहे. संपलेले सिलिंडर कचऱ्याच्या पिंपात टाकले जाते, भंगारवाल्यास विकले जाते किंवा अडगळीच्या खोलीत वर्षानुवर्षे पडून राहते.

या वस्तूचा वापर करणारी व्यक्ती आणि तिच्यापासून इजा होण्याची शक्यता असलेली व्यक्ती या बहुधा वेगवेगळ्या असतात. सिलिंडर वापरणारा ते टाकून मोकळा होतो. कचरा दाबून भरणाऱ्या गाडीवरील कामगार, कचरा वेचणारी स्त्री, भंगाराच्या गोदामात गॅस कटर चालविणारा मजूर यांच्या हाती ते नंतर पडते. विल्हेवाटीचा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही; जोखीम कोणी निर्माण केली आणि ती कोणाच्या वाट्यास आली, हा सामाजिक प्रश्न त्यात अनुस्यूत आहे. वापरून झालेले सिलिंडर ज्याने भरले त्याच्याकडे परत जाण्याची वाट जेथे उपलब्ध असते तेथेच विल्हेवाट खऱ्या अर्थाने सुरक्षित होते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. 'रिकामे' या संज्ञेचा शास्त्रीय अर्थ

प्रोपेन हा तीन कार्बन व आठ हायड्रोजन अणूंनी बनलेला हायड्रोकार्बन आहे. वातावरणीय दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू सुमारे उणे ४२ अंश सेल्सिअस आहे. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या किंचित खाली असतो. भारतात घरगुती वापरासाठी मिळणारा एलपीजी हे मुख्यत्वे या दोहोंचे मिश्रण होय. दाबाखाली हे वायू द्रवरूपात राहतात. द्रव प्रोपेनचे वायूत रूपांतर झाले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे २७० पट होते. लहानशा पात्रात मोठी ऊर्जा साठविता येते ती याच गुणधर्मामुळे.

सिलिंडरमध्ये द्रवाचा अंश शिल्लक असेतोवर आतील दाब द्रव किती आहे यावर अवलंबून नसतो. तो केवळ तापमानावर अवलंबून असतो. शुद्ध प्रोपेनच्या बाबतीत हा दाब २१ अंश सेल्सिअस तापमानास वातावरणीय दाबाच्या सुमारे साडेआठ पट, तर ३८ अंशास सुमारे तेरा पट असतो. पूर्ण भरलेल्या आणि चमचाभर द्रव उरलेल्या सिलिंडरमधील दाब एकाच तापमानास सारखाच असतो. दाबावरून शिल्लक ओळखता येत नाही. ती वजनावरूनच ओळखावी लागते. सिलिंडरवर रिकाम्या पात्राचे वजन कोरलेले असते त्याचे प्रयोजन हेच होय.

ज्योत विझणे हीदेखील सिलिंडर रिकामे झाल्याची खात्रीशीर खूण नव्हे. द्रवाचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते आणि सिलिंडर थंड पडते. थंड हवेत, विशेषतः ब्यूटेनचे प्रमाण अधिक असलेल्या कॅनमध्ये, बाष्पदाब इतका उतरतो की आत द्रव असूनही शेगडी पेटत नाही. सायंकाळी 'संपलेले' सिलिंडर दुसऱ्या दिवशी उन्हात तापले की पुन्हा दाबयुक्त होते.

सर्व द्रव संपला असे गृहीत धरले तरी सिलिंडर वायुरहित होत नाही. आतील दाब बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला की वायूचा प्रवाह थांबतो. त्या क्षणी सिलिंडरच्या संपूर्ण पोकळीत वातावरणीय दाबाचा वायू भरलेला असतो. एक लिटरहून किंचित अधिक धारकतेच्या लहान सिलिंडरमध्ये तो सुमारे दोन ग्रॅम भरतो. हवेत २.१ ते ९.५ टक्के प्रमाणात प्रोपेन मिसळला असता मिश्रण ज्वालाग्राही होते. या दोन ग्रॅम वायूपासून सुमारे ५० लिटर ज्वालाग्राही मिश्रण तयार होऊ शकते. आत केवळ २० ग्रॅम द्रव राहिला असेल तर हेच आकारमान ५०० लिटरच्या वर जाते. म्हणजे २०० लिटरच्या दोन पिंपांतही ते मावणार नाही. भारतातील ५ किलो क्षमतेच्या सिलिंडरची पोकळी सुमारे १२ लिटरची असते. त्याचे गणित त्याच प्रमाणात वाढते.

भरलेल्या सिलिंडरच्या आत हवा नसते. त्यामुळे त्याच्या पोकळीत ज्वलन होऊ शकत नाही. संपलेल्या व झडप उघडी राहिलेल्या सिलिंडरची स्थिती वेगळी असते. दिवसा तापून व रात्री थंड होऊन ते जणू श्वासोच्छ्वास करते. काही वायू बाहेर जातो, काही हवा आत येते, आणि कालांतराने आतील मिश्रण ज्वलनक्षम मर्यादेत येऊन पोहोचते. बंद पात्रातील अशा मिश्रणास ठिणगी लाभली तर दाब क्षणार्धात मूळ दाबाच्या सुमारे आठ पट होतो. छिद्र पाडणारे ड्रिल, पत्रा कापणारी कटर आणि वेल्डिंगची ज्योत ही साधने नेमकी तीच ठिणगी पुरवितात.

वासावर विसंबणेही योग्य नाही. प्रोपेन व ब्यूटेन यांना स्वतःचा उग्र वास नसतो. गळती कळावी यासाठी त्यांत एथिल मर्कॅप्टनसारखे गंधद्रव्य मिसळले जाते. गंजलेल्या पोलादी पृष्ठभागाच्या सान्निध्यात या द्रव्याचा वास कमी होऊ शकतो. तसेच प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट आणि ब्यूटेनची सुमारे दुप्पट जड असल्याने ती वर न जाता गटार, तळघर, खड्डा अशा सखल जागी साचते. उभ्या माणसाच्या नाकाशी वास नसला म्हणून पायाशी वायू नाही, असे अनुमान काढता येत नाही.

३. एक पौंडी सिलिंडर : एका वस्तूची घडण

उत्तर अमेरिकेत सहली, तंबूतील मुक्काम व लहानसहान दुरुस्तीची कामे यांसाठी एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, प्रोपेन भरलेली सिलिंडर मोठ्या प्रमाणात विकली जातात. त्यांपैकी बहुतेक अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या 'डॉट-३९' या विनिर्देशानुसार बनविलेली, म्हणजे पुनर्भरणास अपात्र अशी एकवापरी पात्रे असतात. अमेरिकेत अशी चार कोटींहून अधिक आणि एकट्या कॅलिफोर्नियात चाळीस लाखांहून अधिक सिलिंडर दरवर्षी विकली जातात, असा अंदाज तेथील उत्पादक-जबाबदारीच्या चळवळीतील संस्थेने दिलेला आहे.

रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यातील वायूच्या वजनाच्या जवळपास भरते. एक किलो इंधन वापरण्यासाठी साधारण तेवढेच पोलाद टाकून द्यावे लागते, असा याचा अर्थ होतो. भारतातील १४.२ किलो वायू धारण करणाऱ्या घरगुती सिलिंडरच्या पोलादाचे वजनही साधारण १५ ते १६ किलो असते. परंतु ते एकदाच नव्हे, तर वर्षानुवर्षे भरले जाते. वर्षाला ६ वेळा याप्रमाणे २० वर्षे ते फिरले असे उदाहरणादाखल मानले, तर १६ किलो पोलादातून सुमारे १,७०० किलो वायूची ने-आण होते. दोन्ही वस्तूंमध्ये पोलाद व वायूचे मूळ प्रमाण सारखेच असूनही एक कचरा ठरते आणि दुसरी साधन राहते. हा भेद धातूमुळे पडलेला नाही. व्यवस्थेमुळे पडलेला आहे.

ही सिलिंडर जेथे मोठ्या संख्येने वापरली जातात अशा योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानांत ती दरवर्षी हजारोंच्या संख्येने मागे राहतात. पर्यटक परत जाताना अर्धवट भरलेले सिलिंडर विमानातून नेऊ शकत नाही. साहजिकच ते तेथेच सोडले जाते. उद्यानाच्या व्यवस्थापनास ती गोळा करणे, उरलेला वायू काढणे व पोलाद वेगळे करणे यांचा भार उचलावा लागतो. वस्तूच्या विक्रीतून मिळणारा लाभ एकाकडे आणि तिच्या अखेरीचा खर्च दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे.

४. पुनर्भरणाचा मोह व त्यातील धोका

टाकून देण्याऐवजी हेच सिलिंडर मोठ्या टाकीतून पुन्हा भरून घ्यावे, असा विचार सहज सुचतो. त्यासाठीची जोडणीही बाजारात मिळते. तथापि एकवापरी सिलिंडरच्या बाबतीत हा मार्ग तीन कारणांनी धोक्याचा आहे.

पहिले कारण झडपेचे आहे. तिची रचना एका भरण्याच्या आयुष्यापुरती केलेली असते. वारंवार जोडणी-सोडणी केल्यावर तिच्यातील रबरी बैठक झिजते आणि झडप पूर्णपणे मिटत नाही. दुसरे कारण पत्र्याचे आहे. तो तुलनेने पातळ असतो. त्यावर चढणारा गंज आणि पडणारे पोचे तपासण्याची कोणतीही ठरलेली मुदत नसते, कारण मुळात त्याला दुसरे आयुष्य अभिप्रेतच नाही. तिसरे कारण भरण्याच्या मर्यादेचे आहे. द्रव प्रोपेन तापमानानुसार प्रसरण पावतो. म्हणून पात्राचा सुमारे पाचवा भाग मोकळा ठेवावा लागतो. घरच्या घरी वजन न करता भरलेल्या सिलिंडरमध्ये ही मोकळी जागा राहीलच अशी शाश्वती नसते. संपूर्ण पोकळी द्रवाने भरल्यानंतर तापमान वाढले, तर दाब बाष्पदाबाच्या मर्यादेत राहत नाही. तो वेगाने चढतो.

अमेरिकी कायद्यानुसार पुनर्भरण केलेल्या अशा सिलिंडरची वाहतूक निषिद्ध असून त्यासाठी ५ लाख डॉलरपर्यंत दंड व ५ वर्षांपर्यंत कारावास यांची तरतूद आहे. ही सूचना सिलिंडरवरच छापलेली असते.

भारतातील समांतर प्रकार अधिक चिंताजनक आहे. बाजारपेठांतून कोणतेही मानकचिन्ह नसलेली, वरच्या बाजूस थेट बर्नर बसविलेली लहान सिलिंडर विकली जातात आणि घरगुती सिलिंडरमधून नळीद्वारे वायू काढून ती भरून दिली जातात. स्थलांतरित कामगार, वसतिगृहाबाहेर खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, फिरते विक्रेते हे त्यांचे ग्राहक होत. कागदपत्रांअभावी अधिकृत जोडणी मिळविणे ज्यांना अवघड जाते अशांच्या गरजेतून हा व्यवहार उभा राहिला. परवान्याविना असे हस्तांतरण करणे गॅस सिलिंडर नियमांचे उल्लंघन तर आहेच. शिवाय एका खोलीत दोन उघड्या झडपांमध्ये नळी जोडून केलेली ही कृती स्वतःच आगीस निमंत्रण देणारी आहे.

५. सुरक्षित विल्हेवाटीची रीत

एकवापरी लहान सिलिंडर अथवा कॅन यांची विल्हेवाट लावताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

(१) उरलेला वायू हवेत सोडण्याऐवजी ज्या शेगडीसाठी वा बत्तीसाठी तो घेतला तिच्यातच, मोकळ्या जागेत, ज्योत आपोआप विझेपर्यंत जाळून टाकावा. हवा थंड असल्यास सिलिंडर नेहमीच्या तापमानास येऊ द्यावे व पुन्हा पेटवून पाहावे. ते कोणत्याही कारणाने आगीने, निखाऱ्याने किंवा उकळत्या पाण्याने तापवू नये.

(२) शक्य असल्यास सिलिंडरचे वजन करून ते रिकाम्या पात्राच्या वजनाशी ताडून पाहावे.

(३) शेगडीपासून सोडविल्यावर झडपेभोवती साबणाचे पाणी लावून गळती नाही याची खात्री करावी. बुडबुडे येत असल्यास सिलिंडर मोकळ्या जागेत, आगीपासून व गटारापासून दूर ठेवावे.

(४) त्यावर 'रिकामे – गॅसचे पात्र' अशी ठळक नोंद करावी आणि ते सावलीत, हवेशीर जागी, उभे ठेवावे. रिकाम्या सिलिंडरची साठवण भरलेल्या सिलिंडरइतक्याच दक्षतेने करावी.

(५) ते ओल्या वा सुक्या कचऱ्यात मिसळू नये. विक्रेता, नगरपालिकेची घातक कचऱ्याची संकलन व्यवस्था अथवा गॅसची पात्रे हाताळणारा परवानाधारक यांच्याकडे, त्यात काय होते हे सांगून, सुपूर्द करावे.

(६) घरी अथवा महाविद्यालयाच्या कार्यशाळेत त्यास भोक पाडणे, ते कापणे, ठेचणे किंवा जाळणे या गोष्टी टाळाव्यात.

सिलिंडरमध्ये पाणी भरून मग ते कापावे, अशी एक रीत कारागिरांमध्ये प्रचलित आहे. पाण्यामुळे वायू विस्थापित होतो हे खरे. परंतु विस्थापित झालेला जड वायू त्याच कार्यशाळेच्या जमिनीलगत पसरतो. शिवाय आतील भिंतीवर चिकटलेले तेलकट अवशेष पाण्याने निघत नाहीत आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्यांची पुन्हा वाफ होते. म्हणून ही रीत प्रशिक्षित व्यक्ती व योग्य वायुवीजन यांच्याविना सुरक्षित मानता येत नाही.

उत्तर अमेरिकेतील एका प्रमुख उत्पादकाने उरलेला वायू सोडून झडप कायमची उघडी ठेवणारी प्लास्टिकची एक लहान चावी सिलिंडरसोबत देण्यास प्रारंभ केला. अशा चावीमुळे सिलिंडर रिकामे असल्याचे डोळ्यांना दिसते, हा तिचा खरा लाभ होय. भंगाराच्या व्यवसायात अनिश्चितता हाच मोठा धोका असतो. शंभर सिलिंडरपैकी नव्व्याण्णव रिकामी आहेत एवढी माहिती कापणाऱ्यास उपयोगी पडत नाही. शंभरावे कोणते, हे त्यास कळावे लागते. औद्योगिक पातळीवर ही पात्रे बंद कक्षात यंत्राद्वारे छेदली जातात, आतील वायू शोषून घेतला जातो आणि सपाट केलेले पोलाद भट्टीत जाते. पोलाद पुनःपुन्हा वितळविता येत असल्याने या टप्प्यापर्यंत पोहोचलेले सिलिंडर वाया जात नाही. खरी अडचण ते तेथपर्यंत पोहोचविण्याची असते.

६. वस्तुरूप पुनर्वापर आणि त्याच्या मर्यादा

रिकाम्या सिलिंडरपासून शेगडी, घंटा, कुंडी, दिव्याचा पाया अशा वस्तू करण्याची हौस जगभर आढळते. यातील एक उदाहरण लक्षणीय आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील एका वाद्यनिर्मात्याने २००७ मध्ये वीस पौंडी प्रोपेन टाकीच्या तळावर जिभेसारखे काप घेऊन त्यातून सुरेल तालवाद्य सिद्ध केले. पुढे या प्रकारच्या वाद्यांची स्वतंत्र परंपराच निर्माण झाली. मात्र हा प्रकार रूढ होत गेला तसतसे अनेक निर्माते वायू कधीच न भरलेल्या नव्या कोऱ्या टाक्या वापरू लागले. वापरलेल्या टाकीतील शिल्लक वायू आणि गंधद्रव्याचा न जाणारा दर्प ही त्यामागील कारणे होत.

या उदाहरणातून मिळणारा निष्कर्ष साधा आहे. कलात्मक पुनर्वापर स्वागतार्ह असला तरी तो विल्हेवाटीचा पर्याय ठरू शकत नाही. संख्येच्या दृष्टीने तो नगण्य राहतो आणि त्यातील सर्वांत धोक्याची पायरी, म्हणजे पहिला छेद, बहुधा सर्वांत कमी प्रशिक्षण असलेल्या व्यक्तीच्या हातून घडते. 'टाकाऊतून टिकाऊ' या उपक्रमांत विद्यार्थ्यांकडून अशी पात्रे आणविणे सर्वथा टाळावे. प्रकल्पासाठी असे पात्र आवश्यकच असेल, तर ते कधीही न भरलेले अथवा परवानाधारकाने वायुमुक्त करून दिलेले असावे.

७. धोरणाची दिशा : विल्हेवाटीकडून रचनेकडे

संकलन केंद्रे, जनजागृती व पुनर्चक्रण यांवर दीर्घकाळ भर दिल्यानंतर कॅलिफोर्नियात विचाराची दिशा बदलली. तेथील विधिमंडळाने संमत केलेल्या व २०२२ मध्ये कायद्यात रूपांतर झालेल्या १२८० क्रमांकाच्या सिनेट विधेयकानुसार १ जानेवारी २०२८ पासून राज्यात एकवापरी प्रोपेन सिलिंडरची विक्री करता येणार नाही. प्रोपेनवर वा त्या आकाराच्या सिलिंडरवर हा प्रतिबंध नाही. पुन्हा भरता येणारी एक पौंडी सिलिंडर उपलब्ध आहेतच. त्यांचा पत्रा जाड असतो, झडप पुनर्भरणासाठी बनविलेली असते आणि ठरावीक मुदतीनंतर त्यांची तपासणी करावी लागते. कायद्याने एवढेच ठरविले की परत न येणारे पात्र बाजारात आणता येणार नाही.

याच २०२२ साली कनेक्टिकट राज्याने गॅस सिलिंडरच्या अखेरच्या व्यवस्थापनाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारा कायदा केला. युरोपीय संघाने तर फ्लोरिनयुक्त शीतक वायूंच्या एकवापरी पात्रांवर २००७ मध्येच बंदी घातली होती. तेथील चिंता ज्वलनाची नसून हवामानावरील परिणामाची होती. तथापि पात्रात उरणारा वायू व परतीचा अभाव हे निदान समानच होते.

या धोरणासमोर अडचणी नाहीत असे नाही. पुन्हा भरता येणाऱ्या सिलिंडरची प्रारंभीची किंमत अधिक असते. ते भरून देणारी केंद्रे दूर असतील तर ग्राहक पुन्हा घरगुती पुनर्भरणाकडे वळण्याचा संभव राहतो. म्हणून बंदीसोबत रिकाम्याच्या बदल्यात भरलेले देण्याची सोय आणि परतीस प्रोत्साहन देणारी अनामत यांची जोड आवश्यक ठरते.

८. भारतीय संदर्भ

नव्या धोरणातून पाश्चात्त्य राज्ये ज्या व्यवस्थेकडे जाऊ पाहत आहेत, ती भारतीय घरगुती गॅसच्या वितरणात प्रारंभापासून अस्तित्वात आहे. ग्राहक अनामत भरतो. सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचे राहते. भरलेले देताना रिकामे परत घेतले जाते. त्यामुळे घरगुती सिलिंडर भंगारात विकण्याचा अधिकार ग्राहकास नसतो आणि त्याच्या विल्हेवाटीचा प्रश्नही सामान्यतः त्याच्यासमोर येत नाही.

या चक्राची सुरक्षितता तपासणीवर उभी आहे. पाच लिटरहून अधिक धारकतेची पोलादी सिलिंडर भारतीय मानक ३१९६ नुसार, तर त्याहून लहान पात्रे मानक ७१४२ नुसार बनविली जातात. सिलिंडरच्या वरच्या कड्यास आधार देणाऱ्या उभ्या पट्टीच्या आतील बाजूस ए, बी, सी वा डी यांपैकी एक अक्षर व वर्षाचे दोन अंक लिहिलेले असतात. 'बी-२८' याचा अर्थ २०२८ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत त्याची चाचणी व्हावयाची आहे. नव्या सिलिंडरची पहिली चाचणी १० वर्षांनी व त्यानंतर दर ५ वर्षांनी करण्याचा प्रघात आहे. चाचणीत अपात्र ठरलेले सिलिंडर सपाट करून किंवा त्याचे तुकडे पुन्हा जोडून सिलिंडर होऊ शकणार नाही अशा रीतीने कापून नष्ट करावे, असे गॅस सिलिंडर नियम सांगतात. या नियमांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब होय.

लहान सिलिंडरची अधिकृत सोयही उपलब्ध आहे. पाच किलोचे मुक्त विक्रीचे सिलिंडर २०१३ मध्ये बाजारात आले. इंडियन ऑइलने २०२० मध्ये त्यास 'छोटू' असे नाव दिले. पत्त्याचा पुरावा नसलेल्या व्यक्तीसही केवळ ओळखपत्राच्या आधारे ते मिळू शकते. ज्या गरजेतून अनधिकृत सिलिंडरचा व्यापार वाढला तीच गरज कायदेशीर व तपासलेल्या पात्राद्वारे भागविण्याचा हा प्रयत्न आहे. विद्यार्थी व स्थलांतरित कामगार यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचविणे हे स्वतंत्र सुरक्षाकार्यच म्हणावे लागेल.

तथापि दोन वस्तू या चक्राच्या बाहेर राहतात. मानकचिन्ह नसलेली बेवारस सिलिंडर ही पहिली. कोणतीही कंपनी ती आपली म्हणून स्वीकारीत नाही. पदभ्रमण मंडळे, छायाचित्रकार व हौशी पर्यटक यांच्या वापरातील ब्यूटेनचे एकवापरी कॅन ही दुसरी. ते दिसावयास कीटकनाशकाच्या फवाऱ्यासारखे असल्याने सहज सुक्या कचऱ्यात जातात. महाराष्ट्रात सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण बहुतांशी मानवी हातांनी होते. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून कार्यरत आहे व त्यांची सहकारी संस्था दारोदारच्या संकलनाचे काम करते. अशा शहरात तर पिंपात टाकलेला कॅन नेमक्या कोणाच्या हाती जाणार आहे, याविषयी अनभिज्ञता राहण्याचे कारण नाही. प्लास्टिक वेष्टने, विजेऱ्या, इलेक्ट्रॉनिक कचरा आणि टायर यांच्याबाबतीत २०२२ मध्ये केंद्र शासनाने उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे नियम आणले अथवा दृढ केले. तेच तत्त्व एकवापरी गॅस पात्रांना लागू करणे न्याय्य ठरेल.

९. महाविद्यालयांसाठी सूचना

महाविद्यालयाच्या परिसरात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, उपाहारगृह, वसतिगृह, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे व गिर्यारोहण मंडळ अशा अनेक ठिकाणी गॅसची पात्रे येतात. त्यांची नोंद मात्र बहुधा एकत्र ठेवली जात नाही. या संदर्भात पुढील सूचना विचारार्थ मांडता येतील.

(१) परिसरातील प्रत्येक गॅस पात्राची – भरलेल्या तसेच रिकाम्या – एक नोंदवही असावी. आलेल्या पात्राच्या नोंदीसमोर ते परत गेल्याची नोंद झाल्याशिवाय ती पूर्ण मानू नये.

(२) जडवस्तू निर्लेखित करून भंगार लिलावात काढताना गॅस पात्रे, अग्निशामक नळकांडी व शीतकाची पात्रे त्या ढिगातून वेगळी काढावीत. लिलावापूर्वी विज्ञान शाखेतील एका प्राध्यापकाची लेखी तपासणी आवश्यक करावी.

(३) खरेदी करतानाच पुरवठादाराकडून रिकामे पात्र परत घेण्याची अट मान्य करून घ्यावी. ही अट ज्यास मान्य नसेल त्याच्याकडून एकवापरी पात्रे घेऊ नयेत.

(४) शिबिरे व पदभ्रमण यांमध्ये नेलेल्या कॅनची संख्या आणि परत आणलेल्या कॅनची संख्या यांचा ताळा घ्यावा. ते गडावर पुरू नयेत किंवा शेकोटीत टाकू नयेत.

(५) परिसरात बेवारस अथवा गंजलेले सिलिंडर आढळल्यास ते हलविण्यापूर्वी स्थानिक गॅस वितरक व अग्निशमन दल यांचे मार्गदर्शन घ्यावे. गळतीच्या प्रसंगी १९०६ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक उपलब्ध आहे.

(६) पर्यावरण अभ्यासाच्या अनिवार्य विषयात या प्रश्नाचा समावेश प्रात्यक्षिक रूपाने करता येईल. बाष्पदाब, ज्वलनमर्यादा, धातूचे पुनर्चक्रण, अनामत व्यवस्थेचे अर्थशास्त्र आणि कचरावेचकांचे समाजशास्त्र या पाचही अंगांनी एका लहान सिलिंडरचा अभ्यास होऊ शकतो. आंतरविद्याशाखीय अध्यापनास असा विषय क्वचितच लाभतो.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की लहान सिलिंडर 'रिकामे' झाले म्हणजे त्यातील धोका संपला, ही धारणा शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. वायूचा एक वातावरण दाबाचा अंश आत राहतोच. हवा शिरल्यास तो अधिक घातक होतो. वापरकर्त्याने तो जाळून संपवावा, पात्रावर नोंद करावी व ते योग्य हाती द्यावे, ही त्याच्या पातळीवरील किमान जबाबदारी होय. मात्र परतीची वाट उपलब्धच नसेल तर सावध वापरकर्ताही फार काही करू शकत नाही. कॅलिफोर्नियाने वस्तूची रचना बदलण्याचा मार्ग स्वीकारला. भारतात रिकाम्याच्या बदल्यात भरलेले ही रीत मोठ्या सिलिंडरच्या बाबतीत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. ती लहान पात्रांपर्यंत नेणे अशक्य नाही. तोपर्यंत कोणत्याही महाविद्यालयाच्या भंगाराच्या यादीत 'रिकामे सिलिंडर – नग एक' अशी नोंद दिसली, तर ते सिलिंडर यानंतर कोणाच्या हाती जाणार आहे, हा प्रश्न यादीवर स्वाक्षरी करणाऱ्याने विचारणे आवश्यक आहे.